शिकेकाईचे पाणी



वणीच्या आसमंतात पसरलेल्या कोळशाच्या खाणींची धूळ,
आणि तीवर वैशाखातले वैदर्भीय ऊन,
यांच्या संयुक्त अंमलाखाली ज्यांचे केस राठ झाले आहेत,
त्यांच्यासाठी किराणा दुकानातल्या तीन जिनसांची ही तजवीज.

मूठभर शिकेकाई,
बिया काढलेले पाच-सहा रिठे,
आणि थोडी आवळकाठी,
रात्रभर पाण्यात भिजवावी.
सकाळी मंद आचेवर उकळावी.
निवल्यावर हाताने कुस्करून फडक्याने गाळावी.

लोखंडी कढई घेतल्यास आवळ्यामुळे पाणी काळेशार होते;
पिकू लागलेल्या केसांच्या धन्यांना ही इष्टापत्तीच!

रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे फेनिल द्रव्य असते.
विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा जो चिकट साका केसांवर बसतो,
तो या द्रव्याचा होत नाही.
फेस मात्र बेताचाच येतो;
आणि विपुल फेस म्हणजेच स्वच्छता,
हा जाहिरातींनी रुजविलेला ग्रह सोडून द्यावा.

पुन्हा सांगतो:
फेस थोडा, तरी मळ निघतो.

डोळ्यांची मात्र खबरदारी घ्यावी.
रिठा भयंकर झोंबतो.
म्हणून डोळे घट्ट मिटावेत,
आणि मुलांच्या कपाळाशी पंचा आवळून धरावा.

हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते;
बाटल्या भरून ठेवण्याचा हव्यास नको.
लागेल तेवढेच करावे.

उरलेला चोथा टाकू नये.
त्याने चांदीचे पैंजण छान उजळतात.