झोन आला, पण घर सावरलं का?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन जास्त. "विशेष आर्थिक क्षेत्र आलं की पोरांना काम मिळेल," असं आपल्याला नेहमी सांगतात. अंधेरीचं सीप्झ आपण १९७३ पासून पाहतोय. २००५ साली त्यासाठी देशात खास कायदाही झाला. म्हणून आज शेजारच्या श्रीलंकेचा अनुभव सांगतो.

श्रीलंकेने १९७८ साली कोलंबोच्या विमानतळाजवळ, कटुनायके इथे असं क्षेत्र उघडलं. परदेशी मालकांना करात आणि जकातीत सूट दिली. शिलाईचे कारखाने आले. खेड्यांतल्या हजारो मुली मशीनवर बसल्या. त्यांच्या हातात स्वतःचा पगार आला. ही गोष्ट लहान नाही.

पण मी गिरणीतला माणूस. मी विचारतो, कापड कुठलं? आमच्याकडे कापूस यायचा, त्याचं सूत, सुताचं कापड, मग रंगाई. शेतकऱ्यापासून खानावळवाल्या बाईपर्यंत किती चुली त्यावर पेटायच्या! तिथे बरंचसं कापड बाहेरून यायचं आणि शिवून बाहेर जायचं. देशात उरायची ती मुख्यतः मजुरी. म्हणजे मजुरी दाबली की देशाचा वाटाच दाबला.

२०११ साली सरकारने पेन्शनचं विधेयक आणलं. आपल्या भविष्यनिधीवर गदा येईल म्हणून कटुनायकेचे कामगार रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण कामगार मेला. शेवटी विधेयक मागे घ्यावं लागलं. मित्रांनो, ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत बाबासाहेबांनी कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध संप केला होता, तो आठवा.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली. इंधन, औषधासाठी डॉलर नव्हते. हे झोनमुळे झालं असं मी म्हणत नाही. वारेमाप कर्ज, २०१९ ची करकपात, कोरोनात बसलेलं पर्यटन, ही कारणं होती. पण ४४ वर्षं झोन चालवूनही घर सावरलं नाही, हे खरं. अंगणात एक दिवा लावला म्हणून घरातला अंधार जात नाही.

तेव्हा उद्या कोणी झोन आणतो म्हणाला, तर नुसत्या टाळ्या वाजवू नका. विचारा: जमीन कोणाची जाणार? कच्चा माल इथलाच घेणार का? आमची मुलं फक्त शिवणार, की मशीन बनवायलाही शिकणार? आत युनियन चालेल का? आणि मालक निघून गेला तर आमच्याकडे काय उरेल?

गिरण्या बंद झाल्या तेव्हा हा शेवटचा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. तुम्ही आधी विचारा.

जयभीम! जय भारत!