एल्टनचं मीठ

रशियाच्या व्होल्गोग्राड प्रांतात, कझाकस्तानच्या सीमेला लागून पाल्लासोव्का जिल्हा आहे. अठराव्या शतकात या भागात फिरलेले निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पल्लास यांचं नाव त्याला मिळालं. झाडी नावापुरती, नजर पोचेल तिथवर गवताळ माळ. पण याच माळावर एल्टन सरोवर पसरलंय, चक्क समुद्रसपाटीच्याही खाली! विस्तार सुमारे १५० चौरस किलोमीटर, आणि ऐन उन्हाळ्यात पाणी? जेमतेम घोट्याएवढं. काठाला मिठाचा पांढरा थर, पाण्याला शेवाळामुळे गुलाबी झाक. इथलं मीठ एके काळी बैलगाड्यांतून व्होल्गाकाठी जाई. पुढे बास्कुनचाक सरोवराचं मीठ सरस ठरलं, एल्टनचा धंदा बसला. आता लोक येतात ते सांधेदुखीवर उतारा म्हणून इथला काळा चिखल अंगाला फासून घ्यायला.