पंधरा वर्षांची डिझेल मोटार



माझ्या दारांतल्या डिझेल मोटारीला येत्या पावसाळ्यानंतर पंधरा वर्षें पुरीं होतील. खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांपुरती असते. ती संपली म्हणजे गाडी तपासणीस नेऊन, शुल्क आणि पर्यावरण कर भरून, पुढील पांच वर्षांसाठीं परवानगी मागावी लागते. हें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें. जुनी गाडी बाळगणें लोकांना जड जावें, हा सरकारचा हेतु त्यांत उघड दिसतो. आमच्या घरांत ह्या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां ही काढून टाका." त्याच्या आईचें म्हणणें असें कीं, जी गाडी अजून पहांटेच्या वेळीं दौंडच्या स्टेशनावर नेऊन सोडते, तिला म्हातारी म्हणून बाहेर काढणें हा न्याय नव्हे. मी कोणत्या बाजूचा, हें मला लवकरच ठरवावयाचें आहे. त्या विचारांत जुन्या डिझेल इंजिनाविषयीं मला जें कळलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

शिरूरला जुनी मंडळी अजून घोडनदीच म्हणतात. तेथून न्हावऱ्यावरून जाऊन पारगांवापाशीं भीमा ओलांडावयाची, चौफुल्याला पुणें-सोलापूर रस्त्यास लागावयाचें आणि पाटसवरून दौंड गांठावयाचें, हा माझा नेहमींचा प्रवास. नकाशावर हा रस्ता अगदीं सपाट व सोपा दिसतो. मोटारीला मात्र तो सोपा नाहीं. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागें दुसऱ्या गिअरमध्यें रांगावें लागतें. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो, आणि शेतांतली धूळ उडून हवेच्या गाळणींत जाऊन बसते. म्हणून गाडीचें वय वर्षांत किंवा किलोमीटरांत सांगणें हें माणसाची प्रकृति त्याच्या जन्मपत्रिकेवरून सांगण्यासारखें आहे.

डिझेल इंजिनाचा स्वभाव ओळखल्यावांचून त्याची निगा राखतां येत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसतेच. सिलिंडरांतली हवा मूळ आकारमानाच्या सुमारें अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड गरम होतें, तोच हा प्रकार, परंतु फार उग्र. ती हवा पांचशें अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते, आणि तींत बारीक तुषारांच्या रूपानें सोडलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनिअरानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें हें यंत्र यशस्वी करून दाखविलें. आपल्या शेतकऱ्याला तें मोटारीच्या आधीं विहिरीवर भेटलें. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यांत १९४६ सालीं निघाली, आणि विजेचे खांब येण्यापूर्वी पाणी उपसण्याचें काम अशा इंजिनांनींच केलें. खेड्यांतल्या जुन्या मिस्त्र्यांचा हात विहिरीवरच्या इंजिनावरच बसलेला असे. ठिणगी नाहीं म्हटल्यावर सगळी भिस्त दोन गोष्टींवर राहिली: हवा नीट दाबली जाणें आणि डिझेल नीट फवारलें जाणें. ह्या दोहोंपैकीं एक बिघडली कीं इंजिन म्हातारें झालें असें समजावें, मग गाडी पांच वर्षांची कां असेना.

विहिरीवरचें इंजिन आणि आजची मोटार ह्यांत अंतर पडलें तें फवाऱ्याच्या बाबतींत. पूर्वी पंप प्रत्येक नोझलला ज्याच्या त्याच्या वेळीं डिझेल पुरवी. पुढें सर्व इंजेक्टरांना मिळून एकच नळी आली व तींत डिझेल सतत प्रचंड दाबाखालीं राहूं लागलें. ह्या पद्धतीची पहिली मोटार १९९७ सालीं इटलींत निघाली. तिच्या धर्तीचें एक लहान इंजिन पुढें आपल्या शिरूर तालुक्यांतच तयार होऊं लागलें. रांजणगांव आपणांस महागणपतीमुळें ठाऊक आहे. तेथल्याच औद्योगिक वसाहतींत फियट आणि टाटा ह्यांच्या संयुक्त कारखान्यांत हें १,२४८ घन सेंटिमीटरचें इंजिन बनत असे. टाटांची इंडिका व्हिस्टा, फियटची लिनिआ आणि पुंटो ह्या गाड्यांत तें बसविलें गेलें. मारुतीच्या स्विफ्टमध्येंही २००७ पासून तेंच इंजिन होतें, तें मात्र मानेसरला तयार होई. इतक्या गाड्यांत तें गेलें कीं मोटारींवर लिहिणारे त्याला थट्टेनें भारताचें राष्ट्रीय इंजिन म्हणत. १ एप्रिल २०२० रोजीं भारत स्टेज ६ चे नियम आले, तेव्हां नव्या मोटारींतून तें गेलें. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या, आणि त्यांची जबाबदारी आतां मालकांवर व मिस्त्र्यांवर आहे.

ह्या नळींतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें दीड हजार पट चढतो. इंजेक्टरांतले भाग एकमेकांत इतके घट्ट बसविलेले असतात कीं मधलें अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावें लागतें. डोक्याचा केस त्यापुढें दोरखंडासारखा. अशा ठिकाणीं धुळीचा कण म्हणजे कानस, आणि पाण्याचा थेंब म्हणजे गंज. शिवाय ह्या पंपाला वेगळें वंगण नसतें. डिझेल हेंच त्याचें वंगण. त्यांत पाणी शिरलें किंवा भेसळीचें रॉकेल आलें कीं लोखंडावर लोखंड घांसूं लागतें.

हें मला पुस्तकांतून कळलें असतें तर बरें झालें असतें. तें कळलें न्हावऱ्याच्या अलीकडे, डिसेंबरांतल्या एका पहांटे. दौंडला आगगाडी गांठावयाची होती. इंजिन दोन-तीन वेळां अडखळलें आणि बंद पडलें. उजाडल्यावर गांवांतून एक मिस्त्री आले. त्यांनीं गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून आंतलें डिझेल एका पांढऱ्या बाटलींत धरलें आणि बाटली उजेडाकडे केली. खालीं दोन बोटें पाणी आणि वर डिझेल, स्पष्ट दोन थर.

"साहेब, हें एका दिवसाचं पाणी न्हाई. दिवा लागत नव्हता का?" त्यांनीं विचारलें.

दिवा लागत होता. दोन आठवडे लागत होता. सवड झाली कीं पाहूं, असें मी म्हणत होतों. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी ठेवण्याची माझी संवय. रिकाम्या भागांतली दमट हवा रात्रीं थंड होऊन तिचें पाणी होई आणि तें तळाशीं जाऊन बसे. मिस्त्रींनीं गाळणी बदलली, नळींत शिरलेली हवा काढली, आणि गाडी सुरू झाली. आगगाडी अर्थातच गेली होती. पुढें सहा महिन्यांनीं एक इंजेक्टर बिघडला. त्याच्या दुरुस्तीला जो खर्च आला त्यांत जन्मभराच्या गाळण्या आल्या असत्या. तेव्हांपासून पावसाळ्यांत मी टाकी भरलेली ठेवतों, आणि दर दोन महिन्यांनीं तो स्क्रू सैल करून पाहतों. ह्या कामाला पांच मिनिटें लागतात.

आतां वंगणाकडे वळूं. डिझेल गाडींतलें ऑइल चार-दोन दिवसांतच काळें होतें, आणि नवखा मालक घाबरतो. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. जळणाची काजळी आपल्यांत धरून ठेवणें हें त्या ऑइलचें कामच आहे. पाहावयाची असते ती पातळी. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं काठी काढून पाहावी. पातळी उतरली असेल तर ऑइल कोठें तरी गळत किंवा जळत आहे. ती वाढली असेल तर त्याहून वाईट, कारण ऑइल आपण होऊन वाढत नाहीं; त्यांत डिझेल उतरत असतें आणि वंगण पातळ होत असतें. रांजणगांवच्या त्या इंजिनांत झडपा चालविणारी साखळी असते, आणि ती ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर काम करतो. पातळी खालीं गेली किंवा जुनें ऑइल वर्षानुवर्षें चालविलें तर ती सैल पडते. थंड इंजिन सुरू करतांना पहिले कांहीं क्षण पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखा आवाज येतो. कांहीं दुसऱ्या गाड्यांत साखळीऐवजीं रबरी पट्टा असतो. तो तर कसलाही आवाज न करतां एके दिवशीं तुटतो, आणि पिस्टन झडपांवर आदळून सगळेंच काम संपतें. जुनी गाडी विकत घेणारानें रंग पाहण्याआधीं पट्टा केव्हां बदलला हें विचारावें. विकणारा गप्प राहिला तर तो बदललेला नाहीं असें धरावें.

उष्णतेविषयीं थोडेंच सांगतों. रेडिएटरांत बोअरचें पाणी घालूं नये. आपल्या भागांतलें पाणी क्षारांचें. चहाच्या भांड्याला बसतो तसा त्याचा थर आंतल्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग उसाच्या ट्रॉलीच्या मागें रांगतांना कांटा वर चढूं लागतो. कांटा चढला असतां गाडी थांबवावी, पण झांकण उघडूं नये. भाजलेले हात मीं पाहिले आहेत. टर्बो असलेली गाडी लांबच्या दौडीनंतर लगेच बंद करूं नये. टर्बोचें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि इंजिन थांबतांच त्याला जाणारें ऑइलही थांबतें. मिनिटभर इंजिन नुसतें चालूं द्यावें. टर्बोचें सील फुटलें म्हणजे ऑइल सिलिंडरांत ओढलें जातें, आणि तेंच जाळून इंजिन भरधाव सुटतें. किल्ली काढली तरी थांबत नाहीं. असें झाल्यास पाय ब्रेकवर घट्ट ठेवून, वरच्या गिअरमध्यें क्लच सोडून इंजिनाचा श्वास कोंडावा लागतो. ईश्वर करो आणि आपणांपैकीं कोणावरही तो प्रसंग न येवो.

राहिला धूर. माझ्या मतें सगळ्या प्रश्नाचें उत्तर ह्यांतच आहे. "डिझेल म्हणजे काळा धूर यायचाच," हें वाक्य मीं शंभर वेळां ऐकलें आहे, आणि तें चूक आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: गाळणी धुळीनें भरलेली, टर्बोची रबरी नळी चिरलेली, किंवा इंजेक्टर फवारण्याऐवजीं ठिबकत असलेला. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण. पांढरा धूर हिवाळ्यांत सकाळीं क्षणभर आला तर हीटर प्लग पाहावेत. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरांतलें पाणी कमी होत असलें, तर हेडचें गॅसकेट गेलें असा संशय धरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलच्या धुराची गणना मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत केली. तो धूर मोटारीच्या मालकाच्या छातींत जात नाहीं; तो कांचा वर करून पुढें बसलेला असतो. धूर जातो मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसाच्या आणि रस्त्याच्या कडेनें शाळेंत चाललेल्या पोरांच्या छातींत. जुनी गाडी ठेवण्याचा हक्क मी मानतों, पण दुसऱ्याच्या श्वासाच्या किंमतीवर नाहीं. तपासणींत डिझेल गाडीचा धूर हार्ट्रिज एककांत मोजतात. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ५० आणि त्याआधींच्यांना ६५ ही मर्यादा. आपला आंकडा नुसता मर्यादेच्या आंत आहे कीं नाहीं एवढेंच पाहूं नये. गेल्या वेळेपेक्षां तो किती चढला हें पाहावें. माझ्या गाडीचा आंकडा मर्यादेंत आहे, पण दोन वर्षें सारखा चढतो आहे.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. इंजेक्टर काढून, यंत्रावर लावून, त्यांचा फवारा पाहणारे कारागीर तालुक्याच्या गांवीं सहसा मिळत नाहींत. त्यासाठीं पुण्यास जावें लागतें. गांवचा मिस्त्री मग अंदाजानें एक भाग बदलतो, तो नव्हे म्हणून दुसरा बदलतो, आणि बिल वाढलें कीं आपण त्याला दोष देतों. पण त्याला गाडी एक दिवस ठेवून घेऊं देण्याची आपली तयारी नसते; संध्याकाळपर्यंत पाहिजे, असा आपला हट्ट. मीं मिस्त्रींना ह्या वेळीं सांगितलें कीं गाडी आठ दिवस ठेवा, चारही इंजेक्टर पुण्याला पाठवा, आणि कोणता भाग कां बदलला तें मला दाखवूनच बदला. ते हंसले आणि म्हणाले, "साहेब, असं सांगणारं गिऱ्हाईक रोज मिळालं तर आमचंबी शिकणं होईल."

इंजेक्टर परत आले कीं सिलिंडरांतला दाब मोजला जाईल, आणि मग धुराची तपासणी. आंकडा खालीं आला, तर ५,००० रुपये भरून आणखी पांच वर्षें ही गाडी दौंडला जाईल. तो खालीं आला नाहीं, तर मुलाचें म्हणणें ऐकावयाचें, आणि त्याच्या आईची समजूत घालण्याचें काम त्यानेंच करावयाचें, असें घरांत ठरलें आहे. गाडी सध्यां मिस्त्रींच्या अंगणांत बॉनेट उघडून उभी आहे. उद्यां दौंडला मी एस. टी. नें जाणार आहें.