गाडीतली गाणी आणि व्यंजनं



आमच्या संगमनेरातून पुणे-नाशिक रस्ता जातो. असा वाहता रस्ता असला की गावाला दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक, चहाच्या टपऱ्या आणि दोन, गाड्यांचं वायरिंग करणारी दुकानं. अशाच एका दुकानाच्या बाकड्यावर माझ्या बऱ्याच दुपारी गेल्या आहेत. मी शिकलो बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. विजेचं जे काही थोडंफार कळतं ते त्या बाकड्यानं शिकवलं. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही.

परवा एक तरुण नवी गाडी घेऊन आला. म्हणाला, "चाचा, कंपनीचा सेट आहे तसाच ठेवा, पण बाहेरचा ॲम्प लावून द्या. काच हलली पाहिजे."

चाचा म्हणाले, "काच हलवायची तर दगड घे. स्वस्तात होईल."

पोरगं हसलं, पण गेलं नाही. मग चाचांनी त्याला जे समजावून सांगितलं, त्यात माझी थोडी भर घालून आज तुम्हाला सांगणार आहे. कारण या विषयात आवाजाचं बोलणारे पुष्कळ भेटतात, शब्दांचं कोणी बोलत नाही. आणि माझा धंदा शब्दांचा.

आधी हे पाहू, की कंपनीचा सेट तसाच ठेवायचा तर ॲम्प वेगळा कशाला? पूर्वी सेट आवडला नाही तर चार स्क्रू काढून दुसरा बसवता यायचा. आता त्याच पडद्यावर मागचा कॅमेरा दिसतो, काही गाड्यांत एसीसुद्धा तिथूनच चालतो. तो काढून टाकणं सोपं राहिलेलं नाही. पण त्याच्या पोटातला ॲम्प बेताचाच असतो. डब्यावर ५० गुणिले ४ वॅट असं छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्टचा दाब असतो. तेवढ्या दाबात ४ ओहमच्या स्पीकरला खऱ्या अर्थानं २० वॅटच्या आसपासच ताकद मिळते. छापलेला आकडा क्षणभराच्या उसळीचा. बाहेरच्या ॲम्पमध्ये आधी हा दाब वाढवून घेणारी यंत्रणा असते, म्हणून तो जास्त देऊ शकतो.

आता ही ताकद खर्च कुठे होते? ढोल, बास, ठेका यांवर. मोठी ताकद खालचे सूर खातात. रस्त्यावर टायरची घरघर असते, काच खाली असली तर वाराही असतो. आपण आवाज वाढवतो. ठेक्याची लाट सेटच्या कुवतीबाहेर गेली की तिचा माथा सपाट कापला जातो. गाणाऱ्याचा आवाज त्याच लाटेवर बसलेला असतो. माथा कापताना तोही कापला जातो.

इथे माझ्यातला मराठीचा विद्यार्थी जागा होतो. बोलण्यात स्वरांमध्ये जोर असतो आणि व्यंजनांमध्ये अर्थ. 'आ' आणि 'ओ' लांबवर जातात. 'स', 'श', 'फ' हे मात्र नाजूक. त्यांची बरीचशी सळसळ चार हजार हर्ट्झच्या वरची असते आणि तिच्यात ताकद अगदी थोडी. लाट कापली गेली की आधी बळी जातो तो या अक्षरांचा. मग गाणं नुसतं 'आआ ओओ' ऐकू येतं. शब्द कळले नाहीत म्हणून आपण आवाज आणखी वाढवतो आणि लाट आणखी कापली जाते.

माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी उमेदीची सगळी वर्षं काळीपिवळी जीप चालवली. टेप दिवसभर चालू. उतारू ओरडून भाडं विचारायचे आणि ते ओरडून सांगायचे. आज त्यांना ऐकू येतं, पण कळत नाही. नातीनं 'साखर' म्हटलं काय आणि 'भाकर' म्हटलं काय, ते तोंडाकडे बघतात. नुसत्या टेपनं असं झालं म्हणणार नाही, त्यात इंजिनाचा आणि हॉर्नचाही वाटा असणार. पण गोंगाटानं कान जातात तेव्हा सुरुवात बहुधा त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच होते, हे कानाचे डॉक्टर सांगतात. म्हणजे पुन्हा व्यंजनांवरच घाला. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास पुरे. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, असा कामगारांसाठीचा एक प्रचलित हिशेब आहे. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. बंद गाडीत ९४ गाठणं अवघड नाही.

आमच्या गावचे शाहीर अनंत फंदी, १७४४ ते १८१९ हा त्यांचा काळ. मूळ आडनाव घोलप. गावातल्या मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांची दोस्ती, म्हणून लोक त्यांनाही फंदी म्हणू लागले असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, पण ते राहू द्या. सांगायचं ते हे, की त्यांच्याजवळ ना माइक होता ना ॲम्प. उघड्यावर बसलेल्या माणसाला शब्द कळला नाही तर तो उठून जाणार. आज शब्द कळला नाही तरी कोणी उठत नाही, कारण गाडी चालू असते.

तेव्हा ॲम्प लावायचा तो कमी आवाजात नीट ऐकू यावं म्हणून. चाचा आधी छोट्या स्पीकरवरचं ओझं उतरवतात. ॲम्पवर गाळणी असते, तिच्यानं ८० हर्ट्झच्या खालचे सूर दाराच्या स्पीकरकडे जाऊ देत नाहीत. ते हवेच असतील तर वेगळा सबवूफर. एवढ्यानंच गाणाऱ्याच्या तोंडातला घास निघाल्यासारखा वाटतो. नुसती ताकद दुप्पट केल्यानं जादू होत नाही. दुप्पट वॅट म्हणजे ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते.

आता वायरिंग. इथे हयगय म्हणजे आगीशी खेळ. काम सुरू करण्याआधी बॅटरीची उणे वायर काढायची. ॲम्पची मुख्य वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, सेटच्या मागच्या बारीक वायरीतून कधीही नाही. चार वाहिन्यांना पन्नास पन्नास वॅटचा ॲम्प भरात असला की जुन्या पद्धतीचा असल्यास ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून मागच्या सीटखालपर्यंत पाच मीटर वायर लागली असं धरा. घरच्या प्लगला वापरतो ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर वाटेतच एक व्होल्ट गळतो आणि वायरीत ३० वॅटची उष्णता होते. सोल्डरिंगची साधी आयर्न २५ वॅटची असते. तेवढी ऊब कारपेटखाली लोळत ठेवायची का? दहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हीच उष्णता पाव होते. आणि वायर तांब्याचीच घ्या. वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर बाजारात सर्रास मिळते, तिचा अडथळा दीडपट. खरवडून पाहिलं की आतली पांढरी चकाकी दिसते.

फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. ॲम्पवर फ्यूज असतोच, मग आणखी कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी आहे, बॅटरीजवळचा वायरीसाठी. वायर इंजिनाकडून आत येते तिथे पत्र्याला भोक असतं. त्यात रबरी ग्रोमेट नसेल तर पत्रा रोज थोडं थोडं इन्सुलेशन खातो. एक दिवस तांबं पत्र्याला लागतं. इंजिन सुरू करताना बॅटरी शंभरच्या वर अँपिअर सहज देते. तिला मधे फ्यूज दिसला नाही तर ती वायर लाल करते. फ्यूजची किंमत चार चहाची.

अर्थ म्हणजे उणे वायर. ती शक्य तितकी आखूड, मुख्य वायरीइतकीच जाड, थिंबल दाबून, रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर बोल्टनं आवळलेली. रंगावर कसलेली अर्थ म्हणजे न कसलेली. ती कच्ची राहिली की शिट्टी येते. चंदनापुरीच्या घाटात गाडी खालच्या गिअरवर टाकली, इंजिनाचे फेरे वाढले की शिट्टीही चढत जाते. लोकांना वाटतं ॲम्प खराब. बहुतेक वेळा अर्थ खराब असते, नाहीतर आवाजाची वायर मुख्य वायरीच्या गळ्यात गळा घालून नेलेली असते. एक गाडीच्या डाव्या बाजूनं न्यावी, दुसरी उजव्या.

कंपनीच्या सेटमधून आवाज घ्यायचा तो बहुधा स्पीकरच्या वायरीतूनच, कारण मागे वेगळी जोडणी दिलेली नसते. ॲम्पला तो झेपेल असा करणारा हाय-लो कन्व्हर्टर मिळतो. आजकाल बऱ्याच ॲम्पमध्ये ही सोय आतच असते. एक जपायचं. जुन्या काही सेटमध्ये स्पीकरची उणे वायर बॉडीला जोडलेली असे. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा दाब असतो आणि आवाज वाजताना दोन्ही एकमेकींच्या उलट हलतात. त्यातली एक उणे समजून बॉडीला लावली तर सेटची चिप जाऊ शकते. तोच निम्मा दाब ओळखून काही ॲम्प आपोआप चालू होतात. तसा नसेल तर त्याची बारीक रिमोट वायर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या जागी द्यावी. थेट बॅटरीवर दिली तर ॲम्प रात्रभर जागा आणि सकाळी गाडीला धक्का. कंपनीचं वायरिंग कापू नये. गाडीच्या मॉडेलचे मधे बसणारे कपलर मिळतात. वायर कापली असेल तर वॉरंटीच्या वेळी तीच बोट दाखवायला सापडते.

राहिला गेन. या बटणाला लोक आवाजाचं बटण समजून पूर्ण फिरवतात. ते आहे सेट आणि ॲम्प यांचं माप जुळवायला. गेन शून्यावर ठेवायचा, सेटचा आवाज पाऊण करायचा आणि मग गेन हळूहळू चढवत जायचा. आवाज फाटायला लागला की किंचित मागे यायचं. काही कंपन्यांचे सेट आवाज वाढवला की बास स्वतःहून कमी करतात, छोटे स्पीकर वाचावेत म्हणून. ते लक्षात ठेवून, वरच्या आवाजात बास गेला म्हणून गेन वाढवत बसू नये.

त्या पोराच्या गाडीचं हे माप लावताना चाचांनी गाणं लावलंच नाही. आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. पोरगं वैतागलं. चाचांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं, काच खाली करून गाडी पार बायपासपर्यंत नेली आणि विचारलं, "शेवटची बातमी कशाची होती?" त्यानं गावाच्या नावासकट सांगितली. मग गेन तिथेच ठेवून बटणावर टेपची पट्टी चिकटवली, आणि पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं. आपल्याकडच्या रस्त्यांवर अर्थचा बोल्ट तेवढ्यात ढिला होतो, तो एकदा पुन्हा आवळावा लागतो.