हुकुमाने दारू सुटेल काय?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)

दारू पिऊन घरात मारझोड करणाऱ्यांना दारू सोडणाऱ्यांच्या सभेस जाण्याचा हुकूम कोर्टाने द्यावा, असा अर्ज मंडळाने करावा, अशी सूचना मागच्या बैठकीत आली होती. तिच्यावर मला बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि शेजारीपाजारी पाहिले, तेवढेच सांगते.

ही सभा म्हणजे काय ते आधी पाहू. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दारूने बुडालेले दोन गृहस्थ एकमेकांजवळ मन मोकळे करून सावरले. त्यांतला एक डॉक्टर होता. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संस्था निघाली. आपल्या महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात. तेथे फी नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही, आणि बोललेले बाहेर न्यावयाचे नाही. सभासद होण्यास अट एकच : दारू सोडण्याची इच्छा.

गाठ येथेच पडते. हजेरी हुकुमाने लावता येते, इच्छा कशी लावणार?

अमेरिकेत न्यायाधीश असे हुकूम पुष्कळ देतात. माणूस कागद घेऊन येतो आणि सभा संपली की सही घेऊन जातो. काहीजण नुसते घड्याळाकडे बघत बसतात. मग जो आपले दुःख सांगावयास आलेला असतो, त्याचीही जीभ अडते. पण मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्याला दुसऱ्याच्या तोंडून आपलीच कहाणी ऐकू येते आणि तो पुढे आपणहून येऊ लागतो, हेही खरे. १९९६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देव न मानणाऱ्या एका कैद्याच्या बाजूने निकाल दिला. या सभांत देवाचे नाव येते, म्हणून कुटुंबाच्या भेटीसाठी त्याच्यावर अशा कार्यक्रमाची सक्ती करता येत नाही, असे ठरले.

आपल्याकडेही कायद्यात सोय आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली गुन्हेगाराला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताना नशा न करण्याची अट घालता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट समुपदेशनास जाण्यास सांगू शकतात. मे २०२४ मध्ये पुण्याला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. आरोपी अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध आणि दारू सोडविण्याचे उपचार अशा अटी घातल्या गेल्या. लोक खवळले, आणि थोड्याच दिवसांत त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठविले गेले. शिक्षेच्या जागी औषध दिले की लोकांना दोन्ही खोटी वाटतात.

माझे माहेर लातूरकडचे, वारकऱ्यांचे. गळ्यात माळ घातली की दारू-मटण सुटले, असा तिकडे नेम. बायकोने रडून, भावांनी धरून घातलेल्या माळा खुंटीला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. पण धक्क्यावाचून माळ घेतलेलेही थोडेच. कुणाला आजाराने ढकलले, कुणाला लेकीच्या लग्नाने. धक्का वाईट नाही. तो दारापर्यंत नेतो. आत पाऊल ज्याचे त्यानेच टाकावे लागते.

येथे नांदेडात आमच्या शेजारी एक बाई आहे. नवऱ्याने तीन महिन्यांच्या हजेरीच्या सह्या दाखविल्या, म्हणून घरच्यांनी तिला तक्रार मागे घ्यावयास लावली. पुढे मार पुन्हा सुरू झाला. ती मला म्हणाली, "वैनी, सह्या समद्या हायत, पर माणूस सुधरला न्हाई." सही एवढेच सांगते की तो तेथे बसला होता.

म्हणून माझे म्हणणे असे. अर्ज अवश्य करावा, पण त्यात दोन मागण्या वेगळ्या ठेवाव्यात. मारापासून संरक्षण आणि घरखर्च हा बाईचा हक्क; तो नवऱ्याच्या हजेरीवर टांगू नये. सभेचा हुकूम द्यावा, पण सभेत कोण काय बोलला याचा अहवाल कोर्टाने मागू नये, आणि आपणही घरी उलटतपासणी करू नये. आणि मंडळाची खोली आठवड्यातून एक दुपार अशा घरांतल्या बायकांसाठी उघडी ठेवावी. १९५१ पासून अमेरिकेत घरच्या माणसांसाठी 'अल-अनॉन' नावाने असे मेळावे भरतात. नवऱ्याची दारू सुटो न सुटो, बाईला बोलावयास जागा हवी.

पहिल्या दुपारी चटई अंथरावयास मी येईन.