दहावीची परीक्षा आणि सवलतींचा हक्क

वर्गात तोंडी उत्तर पटकन देणारा मुलगा लेखी परीक्षेत मात्र गडबडतो. गणिताची रीत बरोबर, पण 85 चे 58 होतात आणि मार्क जातात. आपण लगेच शिक्का मारतो : आळशी! दरवेळी तसं नसतं. वाचन, लेखन किंवा आकडेमोडीतली ही अडचण अध्ययन अक्षमतेची असू शकते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे.

अशा विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चक्क चार तास. गरजेनुसार लेखनिक किंवा साधा कॅल्क्युलेटरही मिळू शकतो. काहींना वाटतं, ही मेहेरबानी आहे. मुळीच नाही, पेपर तोच असतो, उत्तरं त्याचीच असतात.

या सवलतींसाठी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा खास विभाग आहे. बुद्धिमापन, वाचन-लेखनाच्या चाचण्या असं सगळं एका फेरीत उरकत नाही. त्यामुळे नववीतच धावपळ सुरू करा. अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो.

आणि हो, लेखनिक मिळणार असेल तर त्याच्याबरोबर एखादी सराव परीक्षा जरूर द्या. उत्तर सांगून लिहून घेणं हेही शिकावंच लागतं. परिच्छेद कुठे पाडायचा, कशाखाली रेघ मारायची, हेही विद्यार्थ्यानंच सांगायचं असतं.