भिंतीवरचे नाव



सिनेमात बर्फाचे डोंगर तुम्ही पाहिलेच असतील. नायक-नायिका हिरव्या उतारावर गाणे म्हणतात, मागे पांढरेशुभ्र डोंगर. त्यातले पुष्कळ डोंगर युरोपातल्या स्वित्झर्लंड देशातले असतात. आल्प्स हे त्या डोंगरांचे नाव. देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान, पण जगभरचे लोक तिकडे जातात. डोंगर पाहतातच, पण आणखी एक गंमत पाहतात. उन्हाळ्यात तिथले शेतकरी गाई चरायला डोंगरावर नेतात आणि थंडी पडायच्या आधी खाली आणतात. उतरायच्या दिवशी गाईंच्या डोक्यावर फुले, गळ्यात मोठमोठ्या घंटा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. आपला पोळाच की हो हा!

फरक एवढाच, की आपला पोळा पाहायला आपण कुणाला बोलावीत नाही. आणि आपणही घराजवळची ठिकाणे पाहायला निघत नाही. यात्रेला जातो, नारळ फोडतो, परत येतो. म्हणून आज आम्ही वरणगावाहून सहज जाता येईल अशा जागांविषयी बोलणार आहोत. काही तुम्ही पाहिलेल्या आहेत. पण तेव्हा तुम्हाला अक्षर येत नव्हते. आता येते.

पहिले चांगदेव. मुक्ताईनगरची, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादची, एस.टी. धरावी. त्या तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ चांगदेव गाव आहे. तिथे योगी चांगदेवांचे जुने दगडी मंदिर आहे. सरकारने ते जपायच्या स्मारकांत घेतले आहे. चांगदेवांची गोष्ट आपल्याला कीर्तनातून ठाऊक असते. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते निघाले आणि ज्ञानदेवादी भावंडे भिंतीवर बसून सामोरी आली. पण त्या आधीची गोष्ट आम्हाला जास्त आवडते. चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. मायना काय लिहावा? वयाने ज्ञानदेव लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा? ज्ञानाने मोठे, म्हणून नमस्कार लिहावा? काही ठरेना. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकटी मुक्ताबाई म्हणाली, हा चौदाशे वर्षे जगला आणि कोराच राहिला! त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. त्याला चांगदेव पासष्टी म्हणतात. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईलाच गुरू केले. ती लहान पोर होती, पण त्यांनी कमीपणा मानला नाही. आपल्या रात्रीच्या वर्गात सुनेकडून अक्षर शिकणाऱ्या सासूबाई आहेत. त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

मुक्ताबाई तापीकाठी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, असे परंपरा सांगते. शके १२१९, म्हणजे सन १२९७. कोथळीला त्यांचे जुने मंदिर आहे. तिथून दरवर्षी आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते. सुमारे महिनाभर पायी चाल असते. आणि महाशिवरात्रीला दोन्ही ठिकाणी यात्रा भरते, दिंड्या येतात. यात्रा पाहावीच. पण एकदा यात्रा नसताना, सकाळच्या वेळी संगमावर जाऊन बसावे. गर्दीत देऊळ दिसत नाही बरं का, पुढच्याची पाठच दिसते.

आता अजिंठा. हे दूर वाटते, पण जळगावाहून साठ किलोमीटरच्या आसपास आहे. डोंगराच्या अर्धगोल कड्यात तीस लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपलीकडची. आत बुद्धाच्या आणि त्याच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी रंगवलेल्या आहेत. रंगाखाली काय आहे? आपल्या घरच्या भिंतीला असतो तसा मातीचा लेप. मातीत भाताचा तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले. वर चुन्याचा हात. त्यावर मातीचे आणि दगडांचे रंग. निळा रंग मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. मातीच्या भिंतीला नखाने ओरखडा काढला की पोपडा पडतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! तिथेही तेच होते. म्हणून हात लावू देत नाहीत. काही लेण्यांत एका वेळी थोडीच माणसे सोडतात, कारण श्वासाची वाफसुद्धा भिंतीला मानवत नाही. मोबाईलचा झोत टाकून फोटो काढायलाही मनाई आहे.

तिथे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जरूर थांबावे. सन १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अंमलदार शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला त्याच्यामुळे कळली. पण त्याने आणखी एक काम केले. खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. तेव्हा लेण्यात दगडमातीचा भराव साचला होता, त्यावर तो उभा होता.

त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर दुसरे एक नाव आहे. ते ब्राह्मी लिपीत आहे, म्हणून आपल्याला वाचता येत नाही. विद्वानांनी वाचले आहे. वासिष्ठीच्या मुलाने, कटहादी नावाच्या माणसाने, या लेण्याचे तोंड दान दिले, असे त्यात लिहिले आहे. त्यात दोन शब्द आहेत: ‘घरमुख’ आणि ‘दान’. दोन हजार वर्षांपूर्वीचे शब्द, आणि तुम्हाला अर्थ लागला की नाही? एकाने दगड कोरून घेतला आणि नाव लिहिले. दुसऱ्याने आयते चित्र पाहिले आणि त्यावर नाव लिहिले. दोघांचीही नावे राहिली आहेत.

हे मुद्दाम सांगतो, कारण नवे अक्षर हाताला स्वस्थ बसू देत नाही. शाळेच्या बाकावर कर्कटकाने नाव कोरणारी पोरे आम्ही उभ्या नोकरीत पाहिली. मोठी माणसेही देवळाच्या खांबावर, किल्ल्याच्या बुरुजावर तेच करतात. बदाम काढतात, बाण काढतात. लिहायची हौस असेल तर खिशात वही ठेवावी. आज काय पाहिले ते घरी येऊन लिहावे. चार ओळी जमल्या तरी पुष्कळ.

चाळीसगावजवळच्या पाटण्याविषयी थोडेच सांगतो, कारण ते आपल्याला लांब पडते. तिथे शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे गणित शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याची ती नोंद आहे. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारात विकलेल्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिला, असा त्यांचा अर्थ. बाजारातल्या पैशाने शाळा चालत होती म्हणायची.

जळगावला गेलात तर जुन्या गावातला चौधरी वाडा पाहा. तिथे बहिणाबाई राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर यांनी ती कागदावर उतरवली. त्या सन १९५१ मध्ये वारल्या आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये. आपले पुस्तक त्यांना हातात घेता आले नाही. त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. ते पाहून झाल्यावर त्यांची गाणी घरी मोठ्याने वाचा. बोली आपलीच आहे, अडणार नाही.

राहता राहिली पाहुण्यांची गोष्ट. श्रावणात कानबाई बसते तेव्हा पुण्या-मुंबईची, सुरतेची पोरे घरी येतात, भाऊबंद मिळून रोट खातात. यात्रेत बारागाड्या ओढतात. कुणी परगावचा पाहायला आला, तर त्याला नीट समजावून सांगावे. आणि बारागाड्यांच्या वाटेतून त्याला बाजूला उभे करावे. चाकाखाली सापडून माणसे जायबंदी होतात.

येत्या हिवाळ्यात वर्गातर्फे अजिंठ्याला जायचे असे आम्ही मनात धरले आहे. नावे फळ्यावर लिहा, ज्याचे त्याने आपल्या हाताने. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार सोडून दिवस ठरवू.